कम्युनिटी प्रिझर्व्हेशन निधी : अर्ज नेमका कुठे अडतो?

मॅसॅच्युसेट्समधील ज्या गावांनी २००० सालचा कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कायदा स्वीकारला आहे, तेथे मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार लागतो. त्यात राज्याची भर पडून जमलेल्या निधीतून ऐतिहासिक वास्तू, मोकळ्या जमिनी, परवडणारी घरे आणि मैदाने यांच्यासाठी अनुदान मिळते. अर्जाचा नमुना गावाच्या संकेतस्थळावर असतो आणि तो भरणे अवघड नाही.

अडते ते 'देखभाल' या शब्दावर. ज्या किरकोळ कामाने वास्तूचे मूल्य किंवा आयुष्य फारसे वाढत नाही, ते कायद्याच्या लेखी देखभाल ठरते आणि त्याला एक डॉलरही मिळत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका अर्जाच्या अंदाजपत्रकात 'खिडक्या व रंगकाम' एवढीच ओळ होती. प्रत्यक्षात चौकटींचे लाकूड खालून कुजले होते आणि ते मूळ घडणीबरहुकूम बदलायचे होते. पण हे कुठेच लिहिलेले नसल्याने अर्ज परत आला. म्हणून कुजलेल्या भागाची छायाचित्रे जोडावीत आणि काय बदलणार, काय राखणार हे कंत्राटदाराकडून सविस्तर लिहून घ्यावे.

दुसरा कागद बहुतेकांकडे नसतोच. वास्तू राज्याच्या ऐतिहासिक नोंदवहीत नसेल, तर ती महत्त्वाची असल्याचा निर्णय गावाच्या ऐतिहासिक आयोगाने द्यावा लागतो. घर दीडशे वर्षांचे आहे, एवढे सांगून भागत नाही. ही अट सूचनापत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापायला हवी, म्हणजे लोकांचे हेलपाटे वाचतील. तोवर आपणच काही महिने आधी आयोगाकडे जावे. या निधीतून जमीन घ्यायची असेल, तर तिच्या वापरावर कायमस्वरूपी निर्बंध घालणारा दस्त करावा लागतो, आणि त्याच्या मसुद्याला वेळ लागतो.

चर्च, मंदिर अशा प्रार्थनास्थळांसाठी अर्ज करण्याआधी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा, कारण ॲक्टन येथील चर्चच्या रंगीत काचांचे अनुदान राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रोखले होते.

मुदतीबाबतही गफलत होते. अनेक गावांत पात्रतेचा छोटा अर्ज मुख्य अर्जाच्या आधी द्यावा लागतो आणि तो चुकला की ते वर्ष गेले. शिवाय अर्ज तपासणारी गावाची कम्युनिटी प्रिझर्व्हेशन समिती फक्त शिफारस करते. रक्कम मंजूर करणे, कमी करणे किंवा नाकारणे हे नगरसभेच्या अथवा नगर परिषदेच्या हाती असते, मात्र शिफारशीपेक्षा ती वाढवता येत नाही. त्यामुळे समितीचा होकार ऐकून कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये. मतदान होऊन गावाशी करार झाल्यावरच काम सुरू करावे.