'नका' दिसण्याआधीच बोट पडते

गेल्या महिन्यात एका खासगी बसचे तिकीट मी मोबाइलवरून रद्द करायला गेलो. पडद्यावर प्रश्न आला, 'तिकीट रद्द करायचे आहे का?' आणि खाली दोन बटणे होती: 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. रद्दच करायचे असल्यामुळे मी 'रद्द करा' दाबले आणि तिकीट जसेच्या तसे राहिले, कारण ते बटण रद्द करण्याची क्रियाच रद्द करणारे होते. हे कळेपर्यंत बस सुटली होती. अ‍ॅपमधला मजकूर भाषांतरासाठी बहुधा पडदा न दाखवता नुसत्या यादीच्या रूपात जातो. त्यात 'कॅन्सल' या नोंदीला एकदा मिळालेला प्रतिशब्द सगळीकडे चिकटतो आणि 'होम'चे 'घर' होते, तेही असेच.

अशा चुकांवर 'लोक वाचतच नाहीत' असे ठरलेले उत्तर मिळते. माणसाची एकाग्रता आता 8 सेकंदांवर, म्हणजे गोल्डफिशहूनही खाली आली आहे, हे वाक्यही त्यासोबत हमखास ऐकवले जाते. त्याला कोणत्याही भरवशाच्या प्रयोगाचा आधार नाही. लोक वाचतात, पण डोळ्याच्या रचनेला जमते तसेच वाचतात.

दृष्टिपटलाच्या मधोमध एक बारीक खळगा असतो, त्याला फोव्हिया म्हणतात. तेथे शंकूपेशींची गर्दी असल्यामुळे अक्षरे स्पष्ट दिसतात, परंतु ही स्पष्टता सुमारे 2 अंशांपुरतीच असते. मोबाइल 30 सेंटिमीटरवर धरला, तर पडद्यावर हा भाग जेमतेम 1 सेंटिमीटर रुंद भरतो. त्यामुळे ओळीवरून नजर सरकत जात नाही, ती उड्या मारते: साधारण पाव सेकंद थांबते, मग काही शतांश सेकंदांत पुढे झेपावते, आणि त्या झेपेदरम्यान मेंदू दृष्टी जवळजवळ दाबून टाकतो. आरशात आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्या डोळ्याकडे पाहा; समोरच्याला तुमची बुबुळे हलताना दिसतील, तुम्हाला मात्र ती कधीच हलताना दिसणार नाहीत. रोमन लिपीतील वाचनावर झालेल्या प्रयोगांत असेही आढळले आहे की लहान, नेहमीच्या शब्दांवर नजर अनेकदा थांबतच नाही.

आता हे मराठी वाक्याला लावून पाहू. इंग्रजीत आज्ञार्थी वाक्यातला नकार आरंभीच येतो. मराठीत तो क्रियापदाच्याही मागे, 'नका', 'नये', 'नाही' अशा दोन अक्षरांत, शेवटी येतो. यूपीआयवर पैसे पाठवायला पिन लागतो, घ्यायला लागत नाही, आणि 'पैसे जमा होण्यासाठी पिन टाका' असे फोनवरून सांगणारे भामटे या गोंधळावरच जगतात. त्यांच्याविरुद्ध इशारा लिहायचा झाला तर सहज सुचणारे वाक्य असते, 'पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकू नका'. अरुंद पडद्यावर ओळ 'टाकू'पाशी मोडते, 'नका' एकटे खालच्या ओळीत पडते, आणि घाईतल्या नजरेला पहिल्या दोन थांब्यांत जे मिळते ते नेमके भामट्याचेच वाक्य असते. जागा पुरली नाही की काही अ‍ॅप शेवटचे शब्द कापून तीन टिंबे लावतात. मग 'अ‍ॅप बंद करू नका' या सूचनेचे 'अ‍ॅप बंद करू…' होते, म्हणजे अर्थ उलटा.

यावर अक्षरे मोठी करणे किंवा लाल रंग देणे हा माझ्या मते वरवरचा उपाय आहे. वाक्याची घडणच बदलावी लागते. 'पिन टाकल्यास तुमच्या खात्यातून पैसे जातील' या वाक्यात नकारच नाही. शिवाय 'खात्यातून' या एका शब्दातल्या 'ऊन' प्रत्ययाने पैशाची दिशा शेवटच्या क्रियापदाआधीच कळते. बसच्या तिकिटाच्या प्रश्नाखालीही 'तिकीट रद्द करा' आणि 'तिकीट राहू द्या' अशी बटणे पुरली असती, कारण प्रश्न न वाचताही त्यांचा अर्थ लागतो. 'ठीक आहे'चा अर्थ मात्र सर्वस्वी वरच्या प्रश्नावर अवलंबून असतो.

अशी वाक्ये लिहिणाऱ्याने एक साधी चाचणी करावी. मजकूर मोबाइलवर उघडून त्याची उजवी बाजू अंगठ्याने झाकावी, आणि उरलेल्या शब्दांचा अर्थ मूळ सूचनेच्या विरुद्ध निघत असेल तर ते वाक्य नव्याने लिहावे.