सिनुलोग आणि आती-आतीहान: आभार नेमके कुणाचे?

जानेवारीचा तिसरा रविवार आला की फिलिपिन्समधल्या दोन गावांचे रस्ते एकाच दिवशी ढोलांनी दणाणतात. एक सेबू, दुसरं पनाय बेटावरचं कालिबो. दोन्हीकडे नाच, आणि दोन्हीकडे लोकांच्या हातात सांतो निन्यो, म्हणजे बाळ येशूची मूर्ती. फोटो पाहून सेबूचा सिनुलोग कोणता आणि कालिबोचं आती-आतीहान कोणतं, हे पटकन सांगता येत नाही. दोन्ही कृतज्ञतेचेच उत्सव, पण ती कुणाबद्दलची, तिथे फरक पडतो.

सेबूची गोष्ट सरळ आहे. १५२१ साली स्पेनच्या मोहिमेवरचा दर्यावर्दी मॅगेलन तिथे पोहोचला, तिथला राजा हुमाबोन आणि त्याच्या राणीचा बाप्तिस्मा झाला आणि राणीला बाळ येशूची लाकडी मूर्ती भेट मिळाली. थोड्याच दिवसांत मॅगेलन शेजारच्या माक्तान बेटावरच्या लढाईत मारला गेला. पुढे ४४ वर्षांनी, १५६५ मध्ये, सेनापती लेगाझ्पीचे स्पॅनिश सैनिक आले, वस्तीला आग लागली, आणि जळक्या घरांमध्ये एका सैनिकाला तीच मूर्ती पेटीत शाबूत सापडली. आज सेबूच्या बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, आहे ती हीच, जेमतेम फूटभर उंचीची.

‘सुलोग’ म्हणजे पाण्याचा प्रवाह. त्यावरून नाचाचं नाव पडलं आणि पाऊलही तसंच: दोन पावलं पुढे, एक मागे. आजची भव्य मिरवणूक, चमचमते पोशाख, पथकांच्या स्पर्धा हे सगळं १९८० नंतरचं. मला मात्र खरा सिनुलोग बॅसिलिकाच्या बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बायकांत दिसतो. तुम्ही मेणबत्त्या घेतल्यात की ती बाई त्या हातात धरून, तुमचं मागणं पुटपुटत, जागच्या जागी पुढे-मागे डुलते. नवस तुमचा, नाच तिचा. रस्त्यावरची आरोळीही देवालाच असते: ‘पित सेन्योर!’, म्हणजे प्रभूला साद घाला.

कालिबोला मात्र आधी माणसं येतात, देव नंतर. आती हे पनायचे मूळ रहिवासी. दंतकथा अशी, की बोर्निओहून पळून आलेल्या दहा सरदारांनी आतींच्या मारिकुदो या प्रमुखाकडून किनाऱ्याची सपाट जमीन सोन्याच्या टोपीच्या मोबदल्यात घेतली आणि आती डोंगरात गेले. पुढे एका वर्षी डोंगरातलं पीक बुडालं. आती खाली उतरले, नव्या लोकांनी त्यांना धान्य दिलं, आती आभारासाठी नाचले आणि यजमानही तोंडाला काजळी फासून त्यांच्यात मिसळले. ‘आती-आतीहान’ याचा अर्थच मुळी आतींसारखं होणं. बाळ येशू या उत्सवात आला तो स्पॅनिश काळात.

ही कथा ज्यावर मुख्यतः उभी आहे ते ‘मारागतास’ हे पुस्तक १९०७ सालचं. ते प्राचीन दस्तऐवज नाही, हे इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी दाखवून दिलं. म्हणून कथेला इतिहास म्हणू नये. पण एका गावाने स्वतःच्या मुळाशी ही आठवण ठेवावी, की जमीन आपली नव्हती, ती कुणीतरी दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

नाचातही फरक दिसतो. सेबूच्या मिरवणुकीत पथकं नाचतात आणि बाकीचे कडेने पाहतात. कालिबोत कडेला कुणी उरतच नाही. ‘हाला बिरा!’ ओरडत ढोलामागे पाय घासत चालायचं, तो ‘सादसाद’. तो नाचत माणसं चर्चपर्यंत येतात आणि आत पाद्री सांतो निन्योची मूर्ती त्यांच्या डोक्याला, पाठीला, दुखऱ्या जागी टेकवतात.

पण काजळी फासणारे बहुतेक आती नसतात. जगभरचे पर्यटक ज्या बोराकायला जातात, ते बेट कालिबोच्याच आक्लान प्रांतात आहे. तिथल्या आतींना त्यांच्या पूर्वजांच्या जमिनीपैकी जेमतेम दोन हेक्टरांच्या मालकीचा कागद हाती पडायला २०११ साल उजाडलं.