रेमिंग्टन ७६० की ७६००? फरक एका शून्याचा

पंप म्हटलं की आपल्याला सिनेमातली छऱ्यांची बंदूक आठवते. पुढची मूठ खाडकन मागे ओढायची, पुन्हा पुढे ढकलायची. अमेरिकेत याच चालीची, पण गोळीची रायफल हरणांच्या शिकारीत मुरलेली आहे, त्यातही पेनसिल्व्हेनियात. तिथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल वर्षानुवर्षं निषिद्ध; दुसरा बार चटकन काढायचा तर पंपच हवा. तिथल्या, आधुनिक यंत्रं टाळणाऱ्या आमिश पंथावरून थट्टेत तिला 'आमिश मशिनगन' म्हणतात.

रेमिंग्टन या अमेरिकन बंदूक-कंपनीच्या अशा दोन पंप रायफली म्हणजे ७६० आणि ७६००. थोरली ७६० 'गेममास्टर' १९५२ मध्ये आली. धाकटी ७६०० आली १९८१ मध्ये. तिच्याबरोबरच 'मॉडेल सिक्स' नावाची एक नटवी बहीणही निघाली. दस्ता जास्त देखणा, आतला कारभार ७६०० चाच. तेव्हा लाकूड आणि पॉलिश बघून वय ठरवायला गेलात तर फसाल.

खरा फरक बोल्टच्या, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या पोलादी दट्ट्याच्या तोंडाशी आहे. बार उडतो तेव्हा काडतुसाचा दाब बोल्टला मागे रेटतो. त्याला धरून ठेवतात ते बोल्टचे दाते. मूठ पुढे गेली की ते फिरून नळीच्या मागच्या टोकात अडकतात. ७६० ला असे चौदा बारीक दाते आहेत, तोफेच्या दाराला असतात तसे तुटक आटेच म्हणा ना. ७६०० ला चारच, पण जाडजूड. चौदा म्हणजे जास्त मजबूत, असा हिशेब करू नये. धातू किती जागेवर टेकतो ते महत्त्वाचं, आणि .३०-०६ सारखं जोरदार काडतूस दोघीही पचवतात. माझ्या मते चाराचा फायदा साफसफाईत. बारीक आट्यांत साचलेली काजळी काढताना जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून थोरली टाकाऊ ठरत नाही. बर्फातले ठसे धरून मैलोन् मैल हरणामागे जाणारा व्हरमाँटचा नामांकित शिकारी लॅरी बेन्वा ७६० चीच कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची आवृत्ती वापरायचा. तिची नळी साडेअठरा इंची, नेहमीच्या बावीस इंचीपेक्षा झाडोऱ्यात सुटसुटीत.

काडतूस एकच असेल तर मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, एकीचं दुसरीला चालतं. बोल्ट आणि नळी मात्र नाही.

आणि ७६०० ला 'नवी' म्हणणंही आता नावापुरतंच. २०२० मध्ये रेमिंग्टन कंपनीचं दिवाळं निघालं आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा जुना कारखानाही बंद पडला. म्हणजे दोघीही बहुतेक जुन्या बाजारातच भेटणार. तिथे बोल्ट मागे ओढून दाते मोजावेत, मग नळीवर कोरलेलं काडतुसाचं पूर्ण नाव वाचावं. ७६० सुरुवातीपासून .३५ रेमिंग्टनमध्ये मिळे, ७६०० पुढे .३५ व्हेलनमध्येही निघाली. ३५ चा आकडा तोच, काडतुसं साफ वेगळी.