पुरवठादार दोन, उगम किती?

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरकरांना एक प्रश्न तोंडपाठ झाला होता: टँकर भरतो कुठून? टँकरवाले चार असोत, चौघेही एकाच विहिरीवर भरत असतील तर विहीर आटल्यावर चौघेही रिकामे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन. मांजरा गोदावरीच्या खोऱ्यातली, मिरजेचं पाणी कृष्णेच्या खोऱ्यातलं. उगमच वेगळा होता, म्हणून ते पोचलं.

पाण्याच्या बाबतीत जे आपल्याला पक्कं कळतं, ते दुकानात नि कारखान्यात निसटतं. कोरोनानंतर लहान व्यावसायिकांशी बोलताना "आता आम्ही दोन पुरवठादार धरून ठेवलेत" हे वाक्य हमखास कानावर येतं. चांगलंच आहे. पण जादा पुरवठादार आणि वेगळा पुरवठा या दोन गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या संकटांत उपयोगी पडतात.

जादा पुरवठादार माणसाच्या अडचणीवर उतारा आहे. २०२०मध्ये एका व्यापाऱ्याची गल्ली कंटेनमेंट झोनमध्ये गेली, त्याच्या घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं, हमाल गावी निघून गेले, तर दुसरा व्यापारी माल देत होता. भावातही दोघांत तुलना करता येते. एवढ्यासाठीसुद्धा दुसरा माणूस हवाच.

पण माल मुळात उगमालाच अडला, तर हा उतारा चालत नाही. फरसाणवाल्याचं तेल घेऊ. तो पामतेलाचे डबे दोन घाऊक व्यापाऱ्यांकडून घेतो, ब्रँडही दोन. पण आपल्याकडचं बहुतेक पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून जहाजाने येतं. मार्च २०२०मध्ये मलेशियातल्या साबा राज्यात कोरोनामुळे काही जिल्ह्यांतले पाम मळे बंद करावे लागले. अशी अडचण लांबली तर दोन्ही व्यापाऱ्यांचे डबे एकदमच संपणार. लातूर परिसरात पिकलेल्या सोयाबीनचं, इथल्याच मिलमध्ये निघालेलं तेल हा खरा वेगळा पुरवठा. करडईचं घाण्याचं तेलही तसंच, पण फरसाणाला ते परवडत नाही. एक मात्र मनात पक्कं असू द्या: पामतेल महागलं की सोयाबीन तेलही महागतं. वेगळा उगम माल मिळण्याची हमी वाढवतो, स्वस्ताईची नाही.

कधीकधी दुसरा उगमही पुरत नाही. २२ एप्रिल २०२१पासून केंद्राने मोजके उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा औद्योगिक ऑक्सिजन थांबवला. तो दवाखान्यांत जायलाच हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण जालना, वाळूजमधल्या छोट्या फॅब्रिकेशन शेडचं गॅस कटिंग त्यावर चालतं. सिलिंडरचे एजंट दोन असोत की पाच, आदेश सगळ्यांना एकच. त्या वेळी निभावलं असतं ते दुसऱ्या पद्धतीने: पातळ पत्रा ग्राइंडरवर कापून, जाड पत्र्यासाठी दाबाच्या हवेवर नि विजेवर चालणारं प्लाझ्मा मशीन असेल तर त्यावर. म्हणजे वेगळा पुरवठा कधी वेगळ्या ठिकाणचा माल असतो, तर कधी त्या मालावाचून काम करण्याची सोय.

उगम शोधायला हेर लागत नाहीत. डब्यावर, पोत्यावर उत्पादकाचा किंवा पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता छापलेला असतो. दोन ब्रँडवर एकच पत्ता निघाला तर उत्तर मिळालं. सुटा माल असेल तर ई-वे बिलावर माल कुठून निघाला ते बघा. मग व्यापाऱ्याला सरळ विचारा: शेठ, तुमच्याकडे हा माल कुठून येतो, कोणत्या ट्रान्सपोर्टने? ट्रान्सपोर्टचा प्रश्न गाळू नका. २९ मार्च २०२०ला केंद्राने सगळ्या प्रकारच्या मालाच्या वाहतुकीला मुभा दिली, तरी ड्रायव्हर नाहीत, रस्त्यावरचे ढाबे बंद, म्हणून गाड्या उभ्याच होत्या. दोन गावांतला माल एकाच गाडीवाल्याकडून येत असेल तर तीही एकच विहीर.

प्रत्येक वस्तूसाठी एवढं करणं लहान माणसाला झेपणार नाही, आणि गरजही नाही. पिशव्या, खोकी, रबरबँड सोडून द्या. ज्या एका-दोन वस्तूंवाचून शटर खाली येईल त्यांच्याच मागे लागा.

आणि वेगळ्या पुरवठादाराचा नंबर नुसता वहीत लिहून ठेवू नका. टंचाईत व्यापारी आधी जुन्या गिऱ्हाइकाला माल देतो, उधारीही त्यालाच. फरसाणवाल्याला महिन्याला १५ डबे लागत असतील तर त्यातले दोन सोयाबीन तेलाचे आजपासूनच घ्यावेत, थोडे महाग पडले तरी. त्या दोन डब्यांवर मिलमध्ये त्याचं खातं उघडेल, आणि त्या तेलात शेव कशी उतरते हे कारागिराच्या हातालाही आधीच कळलेलं असेल.