छायाचित्रांतील मेटाडेटा आणि खासगीपणा

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबरच, पण पाहणाऱ्याला सहसा न दिसणारी जी माहिती साठवलेली असते तिला मेटाडेटा किंवा अधिमाहिती म्हणतात. फोटो टिपल्याची तारीख व वेळ, कॅमेऱ्याची कंपनी व मॉडेल, शटरचा वेग, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, वापरलेले संपादन-सॉफ्टवेअर, क्वचित मालकाचे नाव असा तिचा ऐवज असतो. फोटो दुसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी ही माहिती तपासणे, नको ती काढून टाकणे आणि शक्यतो ती मुळातच नोंदली जाऊ न देणे, हा या नोंदीचा विषय आहे.

अशी माहिती ठेवण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. वृत्तसंस्थांच्या गरजेतून आलेली आयपीटीसी ही मथळा, श्रेय व हक्क यांसाठी वापरली जाते. अडोबी कंपनीने २००१ मध्ये आणलेली एक्सएमपी ही अधिक लवचिक आहे. खासगीपणाच्या दृष्टीने मात्र एक्झिफ हे मानक सर्वांत महत्त्वाचे ठरते, कारण ते कॅमेरा स्वतः भरतो, वापरणाऱ्याला विचारत नाही. एक्झिफची पहिली आवृत्ती जपानमधील जेईआयडीए या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने काढली. तिचे वर्ष कुठे १९९५ तर कुठे १९९६ असे दिलेले आढळते. १९९५-९६ च्या सुमारास असे म्हणणे सुरक्षित. ही संघटना पुढे जेईआयटीएत विलीन झाली. २००२ मध्ये २.२, २०१० मध्ये २.३ व २०२३ मध्ये ३.० ही आवृत्ती आली. मानकाची अंतर्गत मांडणी नवी नव्हती; आल्डस कंपनीने १९८६ मध्ये आणलेल्या टिफ या फाइलप्रकाराची ती उसनवारी होती.

ठिकाणाचे रकाने एक्झिफमध्ये फोनच्या जमान्यात आले, असा एक समज आहे. तो ग्राह्य वाटत नाही. १९९८ च्या २.१ या आवृत्तीत ते रकाने आहेतच. त्या काळी जीपीएस असलेले कॅमेरे विरळ होते, म्हणून ते रिकामे राहत. २००८ च्या आयफोन ३जीसारखे जीपीएसयुक्त फोन सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर ते आपोआप भरू लागले. म्हणजे व्यावसायिक छायाचित्रकाराच्या टिपणवहीसाठी आखलेली जागा दहाएक वर्षांनी कोट्यवधी लोकांच्या घराचा पत्ता साठवू लागली, आणि ती कोणी वाचावी यावर मूळ मानकात कसलेही बंधन नव्हते.

जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या प्रकारातील फाइल उलगडली तर हे प्रत्यक्ष दिसते. सुरुवातीच्या खुणेच्या दोन बाइटनंतर बहुधा ‘अ‍ॅप-१’ नावाचा खंड येतो. त्याची कमाल लांबी सुमारे ६४ किलोबाइट. त्यात आधी एक्झिफ ही अक्षरे, मग बाइटांचा क्रम सांगणारी दोन अक्षरे आणि पुढे रकान्यांचा तक्ता. अक्षांश हा अंश, कला (मिनिटे) व विकला (सेकंद) अशा तीन अपूर्णांकांत लिहिलेला असतो. अक्षांशाची एक विकला म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर; पुष्कळ फोन विकलेचा शंभरावा भाग लिहितात. जीपीएसची खरी अचूकता काही मीटरचीच असली, तरी इमारत ओळखायला तेवढी पुरेशी होते. याच खंडात बहुतेक वेळा १६० × १२० बिंदूंची लघुप्रतिमाही असते. मूळ फोटो कापल्यावर जुन्या संपादन-सॉफ्टवेअरांनी ती कधी कधी तशीच ठेवली आणि कापून टाकलेला भाग लघुप्रतिमेत शाबूत राहिला. शिवाय २.३ आवृत्तीपासून कॅमेऱ्याच्या मालकाचे नाव व कॅमेऱ्याचा अनुक्रमांक यांना स्वतंत्र रकाने मिळाले. एकच अनुक्रमांक दोन वेगळ्या टोपणनावांच्या फोटोंत सापडला, तर ती दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असण्याचा संशय बळावतो.

धोक्याची सर्वपरिचित घटना डिसेंबर २०१२ मधील आहे. जॉन मॅकॅफी हे सॉफ्टवेअर-उद्योजक लपून फिरत असताना व्हाइस या नियतकालिकाने त्यांच्यासोबतचा फोटो प्रसिद्ध केला; त्यातील अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. अभ्यासाच्या अंगाने जेराल्ड फ्रीडलँड व रॉबिन सॉमर यांचा २०१० चा निबंध पायाभूत मानला जातो. एकेका फोटोपेक्षा ठिकाणांची माहिती यंत्राने मोठ्या प्रमाणावर शोधता येणे हा खरा धोका, असे त्यांचे प्रतिपादन आहे. घर कुठे आहे आणि घरचे लोक सध्या गावी गेले आहेत, ही दोन्ही उत्तरे एकत्र मिळू शकतात. पाठलाग किंवा कौटुंबिक हिंसेपासून दूर गेलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर एकच फोटो पुरतो. मुलांचे फोटो टाकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

उपायांत कॅमेरा-अ‍ॅपची ठिकाण-परवानगी बंद ठेवणे सर्वांत भरवशाचे, कारण नोंदलेच नाही ते गळत नाही. आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून शेअर करताना ‘ऑप्शन्स’मध्ये ठिकाण वगळता येते, वेळ व मॉडेल मात्र फोटोसोबत पुढे जातात. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड १० पासून खास परवानगी नसलेल्या अ‍ॅपना फोटोतील ठिकाण दाखवले जात नाही. पूर्ण सफाईसाठी फिल हार्वी यांचे एक्झिफटूल हे मोफत साधन आधारभूत मानले जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ही माहिती निघून जाते, पण तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जशीच्या तशी पोहोचते; ईमेलचेही तसेच. समाजमाध्यमे प्रसिद्ध केलेल्या प्रतीतून ती बहुधा काढतात. मात्र मूळ फाइल आधी त्यांच्याकडे पोहोचलेली असते, हे विसरता कामा नये. फोटोसोबत काही क्षणांचा व्हिडिओ जोडणाऱ्या ‘लाइव्ह’ प्रकारांत त्या व्हिडिओची अधिमाहिती वेगळी असते, तीही पाहावी लागते.

मेटाडेटा पुसला म्हणजे सारे संपले, असे नाही. मार्च २०२३ मध्ये सायमन एरन्स व डेव्हिड ब्युकॅनन यांनी गूगलच्या पिक्सेल फोनच्या संपादन-साधनातील ‘अ‍ॅक्रोपॅलिप्स’ हा दोष उघड केला: कापलेली प्रतिमा जुन्या फाइलवरच लिहिली जाई आणि जुन्या फाइलच्या न पुसलेल्या शेपटातून लपवलेला भाग अंशतः परत मिळवता येई. त्याआधी २००६ मध्ये यान लुकाश, जेसिका फ्रिड्रिच व मिरोस्लाव गोल्यान यांनी कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक संवेदकाच्या सूक्ष्म गोंगाटावरून (चित्रात उमटणाऱ्या बारीक दोषांवरून) कॅमेरा ओळखता येतो हे दाखवले होते. हा ठसा चित्रबिंदूंतच असल्याने रकाने पुसून जात नाही.

उलट बाजूने, वृत्तछायाचित्रकार व मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे पुरावे जमवणारे गट अधिमाहिती जपण्याचा आग्रह धरतात; ती गेली की श्रेय व विश्वासार्हता दोन्ही जातात. २०२१ मध्ये अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी स्थापलेली सीटूपीए ही आघाडी फोटोचा उगम स्वाक्षरीसह फाइलमध्ये नोंदवण्याचे मानक तयार करते. त्यात ठरावीक नोंदी वगळण्याची सोय आहे. दोन्ही गरजा खऱ्या असल्या, तरी काय उघड करायचे हा निर्णय फोटो काढणाऱ्याचा व फोटोतील व्यक्तींचा असावा, ही भूमिका अधिक सयुक्तिक दिसते. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीने वैयक्तिक माहितीच्या व्याख्येतच ठिकाणाच्या माहितीचा उल्लेख केला आहे. निव्वळ खासगी, घरगुती वापर तिच्या कक्षेबाहेर राहतो.