चर्च बांधण्याआधीची मंडळी

मराठी बायबलमध्ये पौलाची, म्हणजे येशूच्या एका सुरुवातीच्या प्रचारकाची, पत्रं वाचताना ‘मंडळी’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल सलाम पाठवतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘एक्लेसिया’, म्हणजे जमलेल्या लोकांची सभा. त्यात इमारत कुठेच नाही. मराठी शब्दातही ती नाही, आणि ते अगदी योग्य आहे. कारण येशूनंतरची जवळजवळ दोनशे वर्षं त्याच्या अनुयायांकडे स्वतःची वास्तू अशी नव्हतीच. कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रार्थना करायची, एकत्र जेवायचं.

पुरातत्त्वज्ञांची इथे पंचाईत होते. देवळाचं निदान जोतं तरी सापडतं. घरात चार माणसांनी भाकर मोडून खाल्ली, तर जमिनीत काय उरणार? ताटल्या त्याच, दिवे तेच, शेजाऱ्यांच्या घरात असतात तसेच. म्हणून पहिल्या दीडशे वर्षांसाठी आपली भिस्त लिखाणावर आहे.

त्यातलं सर्वांत जुनं लिखाण म्हणजे पौलाची पत्रं. ती इ.स. 50 च्या सुमारास सुरू होतात, चारही शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चरित्रकथांच्या, आधी. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला तो सांगतो, की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि अनेकांना दिसला. विश्वासाचा गाभा एवढाच, आणि तो पौलाच्याही आधीचा. ग्रीकमध्ये लिहिलेल्या त्याच पत्राच्या शेवटी येशूच्या मातृभाषेतले, म्हणजे अरामीतले शब्द तसेच राहिले आहेत: ‘मारानाथा’, आमच्या प्रभू, ये. तो लवकरच परत येणार, या ओढीने ही माणसं जगत होती. पण त्याच पत्रात पौल रागावलेलाही आहे. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवायला, जमल्यावर काही जण आपलं आपलं खाऊन घेतात, कुणी उपाशी राहतो, कुणाला दारू चढते. मला हा मजकूर फार मोलाचा वाटतो. कौतुकाच्या कथा रचता येतात; पंक्तीतल्या भांडणाची तक्रार मुद्दाम कोण रचेल?

बाहेरच्या माणसाची साक्षही आहे. इ.स. 112 च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात, प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. या लोकांचं काय करावं, असं त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारलं. चौकशीत त्याला कळलं ते असं: ठरलेल्या दिवशी हे लोक उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार करणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही, अशी शपथ घेतात. मग पांगतात आणि पुन्हा जेवायला जमतात. जेवण साधंच. ही माहिती खरी की खोटी हे पाहण्यासाठी त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. मंडळीत त्यांना ‘सेविका’ हे पद होतं, असं तो स्वतः लिहितो. रोमन कायद्यात ज्यांना काडीची किंमत नव्हती, त्यांना इथे पद होतं.

रोजच्या आचाराचे बारकावे मात्र ‘डिडाखे’ या छोट्या ग्रीक पुस्तिकेत मिळतात. शिकवण असा त्या नावाचा अर्थ. अभ्यासक ती साधारण पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. तिची 1056 साली नकललेली प्रत 1873 मध्ये इस्तंबूलला एका ग्रंथालयात फिलोथियोस ब्रायेनिओस या धर्मगुरूंना सापडली. बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत घेताना पाण्याने द्यायची दीक्षा, वाहत्या पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर कोमट चालेल, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. नियम सांगणाऱ्याला कोरड्या गावांची कल्पना होती, हे उघड आहे.

गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांबद्दलही सूचना आहेत. एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीपलीकडे काही मागू नये. पैसे मागितले तरी खोटा. तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि याच पुस्तिकेत भाकर मोडतानाची प्रार्थना आहे: डोंगरांवर विखुरलेली ही भाकर गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र येवो.

शेवटी मंडळी जमत असे असं एक घर सापडलंच. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस हे रोमन छावणीचं गाव. तिथे येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमीच्या उत्खननात, 1932 च्या सुमारास, तटाला लागून असलेलं एक साधं घर उघडं झालं. मधोमध अंगण, भोवती खोल्या. गिलाव्यात कोरलेल्या वर्षावरून त्याचा काळ इ.स. 232-233 ठरतो. नंतर कधीतरी दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे 13 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद अशी एक खोली केली होती. भिंतीलगतची बसायची जुनी बाकं भराव घालून बुजवली होती आणि पूर्वेच्या टोकाला लहानसा ओटा होता. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने बसतील एवढी ही जागा.

दुसऱ्या एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी मीटरभर खोल हौद होता. त्यावर खांबांची छत्री, आणि छताला निळ्या रंगावर तारे. हौदामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. बाजूच्या भिंतीवर बरा झालेला पांगळा आपली बाज पाठीवर टाकून चालला आहे. येशू तिथे दाढी नसलेला तरुण आहे. आपल्याला माहीत असलेल्या त्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक. खाली मशाली घेऊन निघालेल्या स्त्रिया. क्रूस, खिळे, रक्त कुठेच दिसत नाही. पाण्यात उतरणाऱ्याला दिसायचं ते बरं होणं आणि घरी परत आणलं जाणं. त्याच तटालगत काही अंतरावर ज्यूंचं चित्रांनी भरलेलं सभागृह होतं, आणि मिथ्र देवाचं मंदिरही.

इ.स. 256 च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेने गावाला वेढा दिला. तट मजबूत करण्यासाठी लगतच्या इमारतींत माती भरली गेली. ख्रिस्ती मंडळीच्या घरातही भरली, हौदासकट. भरावाला उतार होता, म्हणून तटाकडच्या भिंती उंचापर्यंत गाडल्या गेल्या, तर दूरच्या भिंतींचा वरचा भाग, चित्रांसकट, उघडाच राहून गेला. मेंढपाळ, बाजवाला माणूस आणि मशालवाल्या स्त्रिया त्या मातीत सुमारे 1,675 वर्षं होत्या.