ऑनलाइन टाकलं की पेटंट बुडालं?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: नव्या औषधाच्या रेणूची माहिती ऑनलाइन टाकली की पेटंट बुडालं, आणि मग त्या औषधाला कुणी हात लावणार नाही.

पहिला भाग अर्धाच खरा. अर्जाआधी माहिती जाहीर केली तर नावीन्य जातं. म्हणून आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) पेटंट अर्ज भरा, मग माहिती टाका. पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. प्रोव्हिजनलमध्ये नसलेल्या रेणूला मात्र त्या पहिल्या अर्जाची तारीख मिळत नाही. इथेच लोक फसतात.

दुसरा भाग चूकच. प्राझिक्वांटेल हे शिस्टोसोमियासिस या परजीवी कृमींच्या रोगावरचं औषध. त्यातला निम्मा, निरुपयोगी भाग गोळी आणखी कडू करतो. तो वेगळा काढायची स्वस्त पद्धत रसायनशास्त्रज्ञ मॅथ्यू टॉड यांच्या गटाने प्रयोगाच्या नोंदी ऑनलाइन उघड ठेवून शोधली. उद्योगातल्या रसायनतज्ज्ञांनी मार्ग सुचवले, 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली.

तुम्हीही प्रयोगाची नोंद अशी ऑनलाइन टाकताना 'रूम टेंपरेचर' लिहू नका. मे महिन्यात तुर्भ्यात एसी बंद असेल तर ते 34 अंश, थंड देशात 20. आकडाच लिहा. जुलैच्या दमट हवेत टीएचएफ हे द्रावक पाणी ओढतं. ते कधी वाळवलं, पाणी किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग), हेही द्या. एनएमआरचं (रेणूची रचना तपासणाऱ्या चाचणीचं) नुसतं चित्र नको, मूळ एफआयडी फाइल (यंत्राचा कच्चा डेटा) जोडा, म्हणजे इंटिग्रेशन (शिखरांखालच्या क्षेत्रफळाची मोजणी) दुसऱ्याला तपासता येतं. रेणूची रचना स्माइल्समध्ये (अक्षरांच्या ओळीत रचना लिहायच्या पद्धतीत) लिहा, नाहीतर शोधात सापडणारच नाही. आणि फसलेली रिअ‍ॅक्शन जरूर टाका: 'यील्ड (मिळालेलं उत्पादन) 0 टक्के, सुरुवातीचा पदार्थ तसाच परत मिळाला', एवढी एक ओळ दुसऱ्या कुणाचा आठवडा वाचवते.